गुहावासी कोळी

हा लेख गुहांमध्ये राहणाऱ्या कोळी या संधिपाद प्राण्याविषयी आहे. कोळी समाजाशी या लेखाचा संबंध नाही.

गुहावासी कोळी म्हणजे आपल्या आयुष्याचा संपूर्ण किंवा मोठा भाग गुहांत, भूमिगत पोकळ्यांत अथवा खडकांतील खोल भेगांत व्यतीत करणारे कोळी होत. त्यांचा समावेश संधिपाद संघाच्या अष्टपाद वर्गात होतो. ते कीटक नव्हेत. सततचा अंधार, जवळजवळ स्थिर तापमान, भरपूर आर्द्रता आणि अन्नाची टंचाई अशा परिस्थितीत राहिल्यामुळे त्यांपैकी अनेकांच्या शरीरात ठळक बदल घडून आले आहेत. डोळे लहान होणे किंवा पूर्णपणे नाहीसे होणे, रंग फिकट होणे आणि पाय लांब व सडपातळ होणे हे त्यांतील प्रमुख बदल आहेत. केवळ गुहांतच आढळणाऱ्या कोळ्यांच्या एक हजाराहून अधिक जाती जगभरातून वर्णिल्या गेल्या आहेत. त्यांतील पुष्कळ जाती एकाच गुहेत किंवा जवळजवळच्या काही मोजक्या गुहांत आढळतात. यामुळे अशा जातीची ओळख पटून तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध होणे ही बाब तिच्या रक्षणाच्या दृष्टीनेही महत्त्वाची ठरते.

मराठी वैज्ञानिक परिभाषेत ‘जाती’ व ‘प्रजाती’ या संज्ञांच्या वापरात एकवाक्यता नाही. वृत्तपत्रांत ज्याला ‘प्रजाती’ म्हणतात, त्यास या लेखात ‘जाती’ म्हटले आहे, तर जवळच्या अनेक जातींच्या गटास ‘प्रजाती’ म्हटले आहे. अनेक प्रजाती मिळून ‘कुल’ होते.

संज्ञा व वर्गीकरण

गुहेत दिसलेला प्रत्येक कोळी गुहावासी असतोच असे नाही. गुहेशी असलेल्या संबंधावरून प्राण्यांची विभागणी करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियन निसर्गशास्त्रज्ञ इग्नाझ शिनर यांनी सुरू केली. रुमानियन जीवशास्त्रज्ञ एमिल राकोवित्सा यांनी १९०७ मध्ये तिला व्यवस्थित रूप दिले. त्यानुसार तीन गट मानले जातात.

गुहाबद्ध : यांना ट्रोग्लोबाइट असेही म्हणतात. यांचे सर्व जीवनचक्र भूमिगत अधिवासातच पूर्ण होते आणि गुहेबाहेर ते तग धरू शकत नाहीत. डोळ्यांचा ऱ्हास व रंगहीनता यांच्यात विशेष दिसते.

गुहाप्रिय : यांना ट्रोग्लोफाइल म्हणतात. हे गुहेत पिढ्यान्‌पिढ्या राहू शकतात. परंतु दगडांच्या सांदी, तळघरे, विहिरी, जुन्या वास्तू अशा ओलसर व काळोख्या ठिकाणीही त्यांचा निर्वाह होतो.

गुहा-अतिथी : यांना ट्रोग्लोझीन म्हणतात. हे आसऱ्यासाठी किंवा ऋतुमानानुसार गुहेत येतात. अन्नासाठी मात्र त्यांना बाहेर जावे लागते.

या तीन गटांच्या सीमारेषा काटेकोर नाहीत. युरोपात सर्वत्र आढळणारा मेटा मेनार्डी हा कोळी याचे चांगले उदाहरण आहे. त्याचे प्रौढ प्रकाश टाळतात आणि गुहेच्या तोंडाजवळील भागात राहतात. पिल्ले मात्र प्रकाशाकडे आकर्षित होतात, गुहेबाहेर पडतात आणि रेशमाच्या धाग्यांच्या साहाय्याने वाऱ्यावर दूर जातात. २०१२ या वर्षासाठी ‘युरोपचा कोळी’ म्हणून याच जातीची निवड झाली होती.

अधिवास

गुहेचे साधारणतः तीन पट्टे कल्पिले जातात. तोंडाजवळील संधिप्रकाशाच्या पट्ट्यात काही प्रमाणात उजेड पोचतो व तेथे शेवाळ, नेचे यांसारख्या वनस्पती वाढू शकतात. त्याच्या आतील पट्ट्यात अंधार असतो. परंतु बाहेरील ऋतुबदलाचा परिणाम जाणवतो. सर्वांत आतील पट्ट्यात कायमचा अंधार असतो, हवा जवळजवळ स्थिर असते, आर्द्रता संपृक्ततेच्या जवळ असते आणि तापमान त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरी तापमानाइतके राहते. गुहाबद्ध कोळी मुख्यतः या शेवटच्या पट्ट्यात आढळतात.

अंधारात हिरव्या वनस्पती वाढत नसल्यामुळे गुहेतील बहुतेक अन्न बाहेरून येते. पुराच्या पाण्याबरोबर वाहत आलेला पालापाचोळा, वटवाघळांची विष्ठा, मृत प्राणी आणि छतातून खाली उतरलेली झाडांची मुळे हे त्याचे प्रमुख स्रोत होत. यांवर बुरशी, सूक्ष्मजीव, रातकिडे, लहान कवचधारी प्राणी इत्यादी जगतात व कोळी त्यांची शिकार करतात. कोळी हा गुहेच्या अन्नसाखळीतील वरच्या पायरीवरचा भक्षक असल्याने खालच्या कोणत्याही पायरीतील बिघाड शेवटी त्याच्यापर्यंत पोचतो.

भूमिगत अधिवास म्हणजे केवळ माणूस आत शिरू शकेल एवढी गुहा नव्हे. खडकातील बारीक भेगांचे जाळे हा त्या अधिवासाचाच भाग असतो आणि कित्येक कोळी बहुतांश काळ तेथेच राहतात. म्हणूनच एकदा दिसलेली जाती पुढे अनेक वर्षे दृष्टीस न पडण्याचे प्रकार घडतात.

शरीररचना व अनुकूलन

कोळ्याच्या शरीराचे शिरोवक्ष व उदर असे दोन भाग असतात. शिरोवक्षाला चालण्याच्या पायांच्या चार जोड्या असतात. त्यांच्या पुढे पायांसारखीच दिसणारी लहान अवयवांची एक जोडी असते, तिला पादमृश म्हणतात. उदराच्या टोकाशी रेशीम बाहेर सोडणारे अवयव असतात. बहुसंख्य कोळ्यांना आठ डोळे असतात. काही कुलांत ते सहा किंवा त्याहूनही कमी असतात.

गुहाबद्ध कोळ्यांत डोळ्यांचा ऱ्हास टप्प्याटप्प्याने झालेला दिसतो. जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील सेंकेनबर्ग संस्थेचे संशोधक पीटर येगर यांनी २०१२ मध्ये लाओस देशातील गुहांमधून सायनोपोडा या प्रजातीतील अनेक नव्या जाती वर्णिल्या. त्यांपैकी काहींचे डोळे आकाराने लहान झालेले होते, तर सायनोपोडा स्कुरिऑन या जातीत ते अजिबात नव्हते. हा कोळी ज्या कुलातील आहे त्यात एक हजाराहून अधिक जाती ज्ञात होत्या. परंतु पूर्णपणे नेत्रहीन अशी ही पहिलीच जाती होती. तिचे शरीर सुमारे १२ मिमी. लांब असून पाय पसरले असता विस्तार सुमारे ६ सेंमी. भरतो. एकाच प्रजातीत सडोळस ते नेत्रहीन अशा निरनिराळ्या अवस्था सापडल्याने उत्क्रांतीच्या अभ्यासात या कोळ्यांना महत्त्व आले आहे.

डोळ्यांची उणीव इतर संवेदना भरून काढतात. लांब पायांवर सूक्ष्म संवेदी रोम असतात. हवेची किंचित हालचाल व पृष्ठभागाची कंपने यांवरून कोळ्याला भक्ष्याची चाहूल लागते. त्वचेतील रंगद्रव्य कमी झाल्याने शरीर पिवळसर किंवा पांढुरके दिसते. बाह्यकवच पातळ झाल्याने शरीरातील पाणी लवकर बाष्परूपाने निघून जाते. त्यामुळे कोरड्या हवेत असे कोळी फार काळ जिवंत राहत नाहीत. थोडक्यात, ज्या बदलांमुळे गुहेतील जीवन शक्य झाले त्याच बदलांमुळे गुहेबाहेरचे जग त्यांना बंद झाले.

आहार व प्रजनन

काही गुहावासी कोळी जाळे विणतात, तर काही भिंतींवर वा जमिनीवर फिरून शिकार करतात. अन्न क्वचित मिळत असल्यामुळे त्यांच्या शरीरक्रिया मंद गतीने चालतात आणि ते दीर्घकाळ उपाशी राहू शकतात. पृष्ठभागावरील नातलगांच्या तुलनेत ते संख्येने कमी, पण आकाराने मोठी अंडी घालतात.

हवाई बेटांपैकी कवाई या बेटावरील अ‍ॅडेलोकोसा अ‍ॅनॉप्स हा कोळी याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण होय. तो लांडगा कोळ्यांच्या कुलातील आहे. या कुलातील कोळी मोठ्या डोळ्यांसाठी प्रसिद्ध असताना या जातीला डोळेच नाहीत. लाव्हारसाच्या प्रवाहातून तयार झालेल्या नळीसारख्या गुहांत तो राहतो. त्याची मादी एका वेळी १५ ते ३० अंडी घालते. या कुलातील इतर अनेक कोळ्यांत ही संख्या १०० ते ३०० असते. मादी अंड्यांचा कोष आपल्याबरोबर वागवते. अंडी थोडी असल्याने घटलेली संख्या पुन्हा भरून येण्यास फार काळ लागतो.

संशोधनाचा इतिहास

गुहेतील प्राण्यांच्या शास्त्रीय अभ्यासाची सुरुवात सध्याच्या स्लोव्हेनिया देशातील पोस्तोयना येथील चुनखडीच्या गुहांपासून झाली असे मानतात. १८३१ मध्ये या गुहांत दिवे लावण्याचे काम करणारे लुका चेच यांना एक विचित्र भुंगेरा सापडला. पुढील वर्षी फर्डिनांड श्मिट यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. गुहेपुरत्याच मर्यादित असलेल्या कीटकाची ती पहिली शास्त्रीय नोंद होय. त्यानंतर १८४७ मध्ये डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ योर्गेन शिओट यांनी त्याच परिसरातील स्टॅलिटा टेनेरिया या नेत्रहीन कोळ्याचे वर्णन केले. शास्त्राला ज्ञात झालेला हा पहिला गुहाबद्ध कोळी होय.

१९७१ मध्ये फ्रँक हॉवर्थ यांना कवाई बेटावर अ‍ॅडेलोकोसा सापडला व १९७३ मध्ये विलिस गर्श यांनी त्याचे वर्णन केले. त्यापूर्वी गुहाबद्ध प्राणी प्रामुख्याने चुनखडीच्या जुन्या गुहांत, समशीतोष्ण प्रदेशांत आढळतात असा समज होता. उष्ण कटिबंधातील, भूशास्त्रीय दृष्ट्या तरुण अशा लाव्हागुहांतही ते असतात हे हवाई बेटांवरील संशोधनाने दाखवून दिले.

नव्या जातीचे वर्णन

गुहेत अनोळखी कोळी दिसणे आणि नवी जाती सिद्ध होणे यांत बराच टप्पा असतो. त्यातील प्रमुख पायऱ्या पुढीलप्रमाणे आहेत.

नमुना : संरक्षित वनक्षेत्रात नमुना घेण्यासाठी वनविभागाची परवानगी लागते. कोळी अल्कोहोलमध्ये जतन करतात. सोबत ठिकाण, तारीख, गुहेतील नेमकी जागा व तेथील परिस्थिती यांची नोंद ठेवतात. ही नोंद नसलेला नमुना संशोधनाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

तपासणी : रंग व आकार यांवरून कोळ्याची जाती निश्चित होत नाही. नराच्या पादमृशाचे टोक आणि मादीच्या जननरंध्रावरील कठीण पट्टिका यांची रचना प्रत्येक जातीत वेगळी असते. ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते व त्यासाठी बहुधा विच्छेदन करावे लागते. पिल्लांत हे अवयव विकसित झालेले नसल्याने केवळ पिल्लावरून नवी जाती सिद्ध करणे अवघड असते. अलीकडे डीएनएच्या विशिष्ट भागाची तुलनाही केली जाते.

तुलना : त्या गटातील पूर्वी वर्णिलेल्या सर्व जातींशी नमुना ताडून पाहावा लागतो. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील नॅचरल हिस्टरी म्युझियम जगातील सर्व कोळ्यांची सूची सांभाळते. या सूचीतील जातींची संख्या एप्रिल २०२२ मध्ये ५०,००० झाली.

प्ररूप : ज्या एका नमुन्यावर नाव कायमचे आधारलेले असते त्यास मुख्य प्ररूप किंवा होलोटाइप म्हणतात. तो एखाद्या मान्य संग्रहालयात ठेवला जातो, म्हणजे पुढील संशोधकांना तो पाहता येतो.

नामकरण व प्रकाशन : नाव आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेच्या नियमांनुसार द्यावे लागते. प्राण्यांच्या नावांचा प्रारंभ लिनीअस यांच्या १७५८ च्या ग्रंथापासून मानला जातो. कोळी मात्र याला अपवाद आहेत. स्वीडनचे कार्ल क्लर्क यांनी १७५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील कोळ्यांची नावे एक वर्ष आधीची असूनही ग्राह्य धरली जातात. नाव, वर्णन, आकृत्या आणि इतर जातींपासूनचा भेद यांसह शोधनिबंध प्रसिद्ध झाल्यावरच जाती शास्त्रीय दृष्ट्या अस्तित्वात येते.

भारतात जैविक विविधता अधिनियम, २००२ मधील कलम ३९ नुसार नव्या जातीचा शोध लावणाऱ्याने त्याची माहिती निर्देशित संस्थेस कळवणे व तेथे नमुना जमा करणे आवश्यक आहे. प्राण्यांसाठी अशी प्रमुख संस्था म्हणजे १९१६ मध्ये स्थापन झालेले, कोलकाता येथे मुख्यालय असलेले भारतीय प्राणिसर्वेक्षण होय. त्याचे पश्चिम विभागीय केंद्र पुणे येथे आहे.

उदाहरण : ट्रोग्लोराप्टर

या प्रक्रियेचे अलीकडील ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील ट्रोग्लोराप्टर मार्चिंगटोनी हा कोळी होय. २०१० मध्ये गुहांच्या संवर्धनासाठी काम करणाऱ्या हौशी गुहाशोधकांना तो गुहेत आढळला. त्यांनी नमुने सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेस या संस्थेकडे सोपवले. चार्ल्स ग्रिसवोल्ड, ट्रेसी ऑडिसिओ व जोएल लेडफर्ड यांनी ऑगस्ट २०१२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ज्ञात कुलांपैकी एकाही कुलात तो बसत नसल्याने त्याच्यासाठी ट्रोग्लोराप्टरिडी हे स्वतंत्र कुल निर्माण करावे लागले.

या कोळ्याला सहा डोळे असतात. पाय पसरले असता त्याचा विस्तार सात ते आठ सेंमी. भरतो. पायांच्या टोकांना लांब, दातेरी व आकड्यासारख्या वळणाऱ्या नख्या असतात. गुहेच्या छतापासून सोडलेल्या मोजक्या धाग्यांना तो लटकून राहतो. नख्यांच्या रचनेवरून तो जवळून जाणारे भक्ष्य पकडत असावा असा तर्क आहे. प्रयोगशाळेत दिलेले पतंग, रातकिडे व इतर कोळी त्याने स्वीकारले नाहीत. त्याच्या नावाचा अर्थ ‘गुहेतील लुटारू’ असा असून जातिवाचक नाव नील मार्चिंगटन या गुहाशोधकाच्या सन्मानार्थ दिले आहे. कॅलिफोर्नियातील जुन्या रेडवुड अरण्यातही याच प्रजातीची पिल्ले सापडली. परंतु प्रौढ नमुना नसल्याने त्यांना वेगळे नाव देण्यात आले नाही.

अशाच नख्या न्यूझीलंडमधील नेल्सन गुहा कोळ्यालाही असतात. मात्र तो वेगळ्या कुलातील आहे. सारख्या परिस्थितीत दूरच्या गटांमध्ये सारखी रचना स्वतंत्रपणे विकसित होण्याचा हा प्रकार आहे. न्यूझीलंडमध्ये त्या कोळ्याला कायद्याने संरक्षण मिळालेले आहे.

भारतातील गुहा व कोळी

भारतातील गुहाप्राण्यांचा पहिला मोठा अभ्यास मेघालयातील गारो टेकड्यांमधील सिजू गुहेत झाला. सिमसांग नदीकाठची ही चुनखडीची गुहा वटवाघळांसाठी प्रसिद्ध आहे. १९२२ मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे स्टॅन्ली केम्प व बी. चोप्रा यांनी तेथे मुक्काम करून गुहेच्या तोंडापासून आतपर्यंत प्राण्यांची पद्धतशीर पाहणी केली. निष्कर्ष १९२४ मध्ये ‘रेकॉर्ड्‌स ऑफ दि इंडियन म्युझियम’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कोळ्यांवरील भाग फ्रेंच संशोधक लुई फाज यांनी लिहिला. हेटेरोपोडा रोबस्टा ही जाती त्यांनी याच अभ्यासातून वर्णिली. पुढे २००५ मध्ये पीटर येगर यांनी मेघालयातील गुहांमधून हेटेरोपोडा फिशेरी ही आणखी एक जाती वर्णिली.

महाराष्ट्राच्या पूर्व सीमेपलीकडे, छत्तीसगडमधील बस्तर जिल्ह्यात कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानातील कुटुमसर गुहा हे अभ्यासाचे दुसरे महत्त्वाचे स्थान आहे. चुनखडीच्या या गुहेत पावसाळ्यात पाणी भरते व त्या काळात ती पर्यटकांसाठी बंद असते. पुराबरोबर येणारा पालापाचोळा हा तेथील जीवसृष्टीचा मुख्य आधार आहे. केम्पिओला शंकरी हा रातकिडा, रंग व डोळे यांचा ऱ्हास झालेले मासे आणि हेटेरोपोडा प्रजातीतील शिकारी कोळी हे तेथील उल्लेखनीय प्राणी होत.

महाराष्ट्र व बुलढाणा जिल्हा

मेघालय व बस्तर येथील गुहा चुनखडी पाण्यात विरघळून तयार झाल्या आहेत. महाराष्ट्राचा बहुतांश भाग मात्र दख्खनच्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. बेसाल्ट पाण्यात तसा विरघळत नाही. त्यामुळे येथील भूमिगत पोकळ्या वेगळ्या प्रकारच्या आहेत. लाव्हाच्या थरांमधील मोकळ्या जागा, मऊ थर झिजून झालेल्या कपारी, भेगा आणि माणसाने कोरलेली लेणी हे त्यांचे मुख्य प्रकार होत. राज्यातील चुनखडी प्रामुख्याने यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत आढळते.

बुलढाणा जिल्ह्याचे भूरूप या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, मध्ये पूर्णा नदीचे मैदान आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगा व पठार अशी त्याची साधारण रचना आहे. ज्ञानगंगा व अंबाबरवा ही अभयारण्ये या डोंगराळ भागांत आहेत. लोणार येथील उल्काविवर बेसाल्ट खडकात निर्माण झालेले असून त्याचा सरासरी व्यास सुमारे १.८ किमी. आहे. २०२० मध्ये लोणार सरोवराचा समावेश रामसर स्थळांच्या यादीत झाला. विवराच्या उतारावरील कपारी व परिसरातील प्राचीन मंदिरांचे काळोखे गाभारे हे गुहेच्या संधिप्रकाशाच्या पट्ट्यासारखेच अधिवास आहेत. याच डोंगररांगेत पश्चिमेस, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, अजिंठ्याची लेणी आहेत.

लेणी, गाभारे, विहिरी व जुने वाडे अशा जागी महाराष्ट्रात सामान्यपणे गुहाप्रिय कोळी आढळतात. अतिशय लांब पायांचा व गोलसर उदराचा आर्टेमा अटलांटा हा त्यांतील एक होय. धक्का लागताच तो जाळ्यात वेगाने हलू लागतो, त्यामुळे त्याची आकृती अस्पष्ट दिसते. त्याचाच नातलग क्रॉसोप्रायझा लायोनी घरांच्या कोपऱ्यांतही दिसतो. आपण काढतो ती जळमटे बरेचदा त्याची असतात. हेटेरोपोडा व्हेनेटोरिया हा चपट्या शरीराचा मोठा कोळी जाळे विणत नाही. तो रात्री भिंतींवर फिरून झुरळे व इतर कीटक पकडतो आणि त्याची मादी चकतीसारखा अंडकोष शरीराखाली धरून वावरते. या तिन्ही जातींना डोळे असतात व त्या गुहेबाहेरही सुखाने राहतात. म्हणून त्यांना गुहाबद्ध म्हणता येत नाही.

लेण्यांत व दगडांखाली दिसणारा चाबूक कोळी हा खरा कोळी नव्हे. तोही अष्टपाद वर्गातीलच आहे. परंतु त्याला रेशीमग्रंथी व विषग्रंथी नसतात. त्याची पायांची पहिली जोडी चाबकासारखी लांब व बारीक असते आणि स्पर्शेंद्रियाचे काम करते.

लाव्हागुहांतही गुहाबद्ध कोळी असू शकतात हे हवाई बेटांवरील अनुभवाने सिद्ध केले आहे. त्यामुळे बेसाल्टच्या प्रदेशातील खोल, ओलसर व कायम अंधाऱ्या पोकळ्या अभ्यासकांच्या दृष्टीने दुर्लक्षणीय ठरत नाहीत.

धोके व संवर्धन

चुनखडीचे खाणकाम हा गुहांना असलेला सर्वांत थेट धोका आहे. मेघालयातील जैंतिया टेकड्यांत सिमेंटसाठी होणाऱ्या खाणकामामुळे तो तीव्र झाला आहे. पर्यटनासाठी केलेल्या दिव्यांच्या रोषणाईमुळे तापमान व आर्द्रता बदलते आणि भिंतींवर शेवाळ वाढते. वटवाघळांना हुसकावल्यास त्यांच्या विष्ठेवर आधारलेली संपूर्ण अन्नसाखळी कोलमडते. गुहेवरील जमिनीत वापरलेली कीटकनाशके पाण्याबरोबर आत झिरपतात.

कवाई बेटावरील अ‍ॅडेलोकोसाचे भक्ष्य असलेला लहान कवचधारी प्राणी छतातून उतरलेल्या झाडांच्या कुजक्या मुळांवर जगतो. वरची झाडे तोडली की खालच्या कोळ्याची उपासमार होते. गुहेचे रक्षण म्हणजे केवळ तिच्या तोंडाला फाटक बसवणे नव्हे, तर तिच्या वरच्या जमिनीचेही रक्षण, हे यावरून स्पष्ट होते. २००० साली अमेरिकन शासनाने या कोळ्याची नोंद संकटग्रस्त जातींत केली.

नाव व नोंद यांचे महत्त्व टेक्सास राज्यातील घटनेने अधोरेखित केले. सिक्युरिना वेनी हा नेत्रहीन कोळी अनेक वर्षे कोणाच्याही दृष्टीस पडला नव्हता. तो जेथे सापडला होता त्या गुहेचे तोंड पुढे बांधकामात बुजले होते. २०१२ मध्ये सॅन अँटोनिओ शहरात महामार्गाचे काम चालू असता एका नैसर्गिक विवरात तो पुन्हा आढळला. त्याचे वर्णन आधीच झालेले होते व संकटग्रस्तांच्या यादीत त्याचे नाव होते. त्यामुळे काम थांबवण्यात आले व रस्त्याचा आराखडा बदलावा लागला. तेथे सापडलेला कोळी निनावी असता, तर त्याच्यासाठी काम थांबवण्यास कायद्याचा आधार मिळाला नसता.

महाराष्ट्रातील समांतर उदाहरण कोळ्याचे नसून माशाचे आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथे हिरण्यकेशी नदीचा उगम एका गुहेतून होतो व तेथे शिवमंदिर आहे. या उगमस्थानी आढळणाऱ्या लहान माशाचे २०२० मध्ये ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या नावाने वर्णन झाले. हा मासा गुहाबद्ध नाही; मात्र त्याचे क्षेत्र अत्यंत मर्यादित आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने येथील २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. शास्त्रीय वर्णन व शासकीय संरक्षण यांत अल्प काळ गेला, याचे कारण जातीचे नाव, तिचे स्थान व तिचे क्षेत्र हे तिन्ही निश्चित झालेले होते.

निरीक्षणाची पथ्ये

ट्रोग्लोराप्टरच्या शोधात हौशी गुहाशोधकांचा वाटा निर्णायक होता. विद्यार्थी व निसर्गप्रेमी यांची निरीक्षणेही अशीच उपयोगी ठरू शकतात. मात्र त्यासाठी काही पथ्ये पाळणे आवश्यक असते. गुहेत एकट्याने जाऊ नये व पावसाळ्यात जाणे टाळावे. वटवाघळांच्या वस्तीजवळ गोंगाट व प्रखर प्रकाश करू नये. दगड उलटल्यास पूर्ववत ठेवावा. कोळी पकडण्याऐवजी निरनिराळ्या बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि तारीख, वेळ, तोंडापासूनचे अंतर, अंधाराचे प्रमाण व जाळ्याचा आकार यांची नोंद करावी. अनोळखी जाती वाटल्यास ही माहिती विद्यापीठातील प्राणिशास्त्र विभागास किंवा प्राणिसर्वेक्षणाच्या केंद्रास कळवावी. दुर्मीळ जातीचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर प्रसिद्ध करणे टाळावे. कारण छोट्या गुहेतील प्राण्यांची संख्या अत्यल्प असते व वाढलेली वर्दळ त्यांना सोसत नाही.